आमिषाच्या पुडीवरचा ‘झेड’ आणि ‘ई’

वालीवच्या बाजूला कारखान्यांच्या शेडमधून उरलेल्या खाचरांत भात पोटरीला आले की एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, कामगंध सापळे लावले, पण पतंग एकही नाही. म्हणजे खोडकिडा नाही ना?” शेतकरी बंधूंनो, असे समजून स्वस्थ बसू नका. आधी आमिषाच्या पुडीवरचे नाव वाचा. वांग्यासाठी आणलेले आमिष भातात टांगले असेल, तर सापळा रिकामाच राहणार आणि खाचरात पळींज दिसेल तेव्हा उपायाची वेळ गेलेली असेल.

भाताच्या पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या गंधातील मुख्य द्रव्य म्हणजे झेड-११-हेक्झाडेसेनॅल. नाव लांबलचक खरे, पण ते पत्त्यासारखे तोडून वाचावे. ‘हेक्झाडेक’ म्हणजे कर्बाच्या १६ अणूंची साखळी. शेवटचे ‘ॲल’ ही टोकाला अल्डिहाइड असल्याची खूण. त्या टोकाकडून मोजत गेले की अकराव्या कर्बावर दुहेरी बंध लागतो.

राहिला ‘झेड’. एका खिळ्यावरची फळी फिरते, दोन खिळ्यांची फिरत नाही. दुहेरी बंधाचे तसेच आहे. म्हणून साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला तरी राहतात, नाहीतर विरुद्ध बाजूंना. एका बाजूला असले तर ‘झेड’, विरुद्ध असले तर ‘ई’. ‘एकत्र’ आणि ‘विरुद्ध’ या अर्थाच्या जर्मन शब्दांची ही आद्याक्षरे. जुन्या पुस्तकांत यांनाच सिस आणि ट्रान्स म्हणत. अणू तेच, तेवढेच, फक्त ठेवण निराळी. असे हे भौमितिक समघटक.

नर पतंगाच्या मिशांना ही ठेवण बरोबर कळते. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ साली उलगडला, तेव्हा त्यात असेच दोन समघटक निघाले. एकात दोन्ही बंध झेड, दुसऱ्यात एक झेड व एक ई. आमिषात ते साधारण निम्मे-निम्मे घालतात.

वांग्याचे शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचे मुख्य द्रव्य ई-११-हेक्झाडेसेनिल ॲसिटेट. साखळी १६ कर्बांची, बंधही अकराव्यावर, पण बाजू उलट आणि टोकही वेगळे. भातातला नर त्याच्यासाठी येणार नाही.

तेव्हा किडीचे नाव व मुदत पाहूनच आमिष घ्यावे. न फोडलेली पुडी थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. वांग्याचे आमिष हाताळून त्याच हातांनी भाताचे लावू नये. आणि सापळा रिकामा असला तरी पानांच्या शेंड्यांकडे पिवळट केसांनी झाकलेले अंडीपुंज आहेत का, ते खाचरात उतरून पाहावे.