यान का पडलं, तेही छापा

संपादक महोदय,


आपल्या मासिकाच्या तंत्रज्ञान विशेषांकाचं बेंगळुरूतल्या मराठी मंडळींमध्ये कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. चंद्रयान-३, स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांची अवकाशातली जोडणी, चालकाविना धावू शकणाऱ्या गाड्यांची आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका, या शहराशी नातं असलेलं बहुतेक सगळं अंकात आलं आहे. फक्त यातलं कधी काही बिघडलं का आणि बिघडलं तर कशामुळे, याचा पत्ता नाही. अंक वाचणाऱ्या बारावीच्या मुलाला वाटेल की अभियंते बटण दाबतात आणि टाळ्या घेतात.

बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या कुठल्याही बऱ्या मशीन शॉपमध्ये खराब निघालेला भाग लाल पेटीत जातो आणि त्याला चिठ्ठी लागते: कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, माप कितीने चुकलं. चिठ्ठी नसलेला भाग पेटीत टाकला तर सुपरवायझर ओरडतो. त्याच पीण्यात इस्रोचं इस्ट्रॅक हे केंद्र आहे. तिथून चंद्रयानाचं नियंत्रण झालं आणि तिथले टाळ्यांचे क्षण आपण सगळ्यांनी पाहिले. मराठी विज्ञानपत्रकारिता टाळ्या टिपते; चिठ्ठी वाचायला मात्र ती थांबत नाही.

जुनंच उदाहरण घ्या. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडलं. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले आणि १८ जुलै १९८० च्या यशानंतर मात्र त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. ही गोष्ट शाळेच्या बक्षीस समारंभापासून कंपनीच्या ट्रेनिंगपर्यंत सगळीकडे ऐकवली जाते. पण यान पडलं कशामुळे, असं विचारलं की गोष्ट सांगणारा गप्प. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी भरलेलं नायट्रिक आम्ल एका सोलेनॉइड झडपेतून गळून गेलं होतं. झडपेत कचरा अडकला आणि ती उघडीच राहिली. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट ही झडपेची. धवन यांचा मोठेपणा त्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडेलच.

इस्रोने कारणं कधीच सांगितली नाहीत असंही नाही. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं. सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या सहभागातून तयार झालेला ‘आझादीसॅट’ त्यात होता. पुढच्या उड्डाणाआधी इस्रोने कारण जाहीर केलं. दुसरा टप्पा सुटताना उपकरणांच्या तबकाला क्षणभर जबर हादरा बसला आणि प्रवेगमापकांच्या मोजण्याची कमाल मर्यादा ओलांडली गेली. मापक शाबूत होते. पण दोष ओळखणाऱ्या संगणकप्रणालीने ते सगळेच निकामी ठरवले आणि यान आंधळेपणाने ठरावीक मार्गावर ढकललं. वेग किंचित कमी पडला, कक्षेचं जवळचं टोक जेमतेम ७६ किलोमीटरवर आलं आणि उपग्रह गेले. मग टप्पा सोडवणारी यंत्रणा बदलली, प्रणालीतला संशयखोरपणा कमी केला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ नीट कक्षेत गेला. कंट्रोल सिस्टिम्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाला याहून चांगला धडा कुठला मिळणार? मराठीत हा धडा कितीजणांनी वाचला असेल?

बाहेरचंही एक उदाहरण पाहा. युरोपच्या एरियन-५ यानाचं ४ जून १९९६ चं पहिलं उड्डाण चाळीसेक सेकंदांत संपलं. चौकशी समितीचा अहवाल जुलैतच जगापुढे आला. एरियन-४ मधली जुनी आज्ञावली तशीच उचलली होती. नव्या यानाचा आडवा वेग इतका मोठा निघाला की तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. राखीव संगणकातही तीच आज्ञावली होती, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. आज सॉफ्टवेअर शिकवताना जगभर हे उदाहरण देतात, कारण अहवाल उघड होता.

आता अलीकडची गोष्ट. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. मोटरच्या आवरणातला दाब घसरला, एवढं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी त्याच सकाळी सांगितलं. हा टप्पा घन इंधनाचा आहे. एकदा पेटला की तो बंद करता येत नाही. दाब घसरला म्हणजे वायूला कुठून तरी वाट सापडली असेल, किंवा इंधन जसं जळायला हवं तसं जळलं नसेल. नेमकं काय झालं, हे शोधायला समिती नेमली. तिचा अहवाल लोकांपुढे न येताच १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ उडालं, आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस बिघडलं. या वेळी खासगी नवउद्योगांचे आणि विद्यापीठांचे छोटे उपग्रहही सोबत बुडाले. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच होतं, असा दावा या पत्रात नाही. पण त्या नवउद्योगांतल्या विशी-पंचविशीच्या पोरांनी आपला उपग्रह कशाच्या भरवशावर यानावर चढवला, हा प्रश्न कुणीतरी मराठीत विचारायला हवा होता.

घन इंधनाची मोटर म्हणजे क्षेपणास्त्राची चुलत बहीण, तेव्हा गुप्तता हवीच, असं यावर म्हटलं जातं. म्हणणं खोटं नाही. आवरणाचे आराखडे, इंधनाच्या मिश्रणाचं प्रमाण कुणी मागतही नाही. पण एसएसएलव्हीचं कारण सांगितल्याने कुठल्या शत्रूच्या हाती काय लागलं? शिवाय आता पीएसएलव्ही ही एकट्या इस्रोची वस्तू राहिलेली नाही. २०२२ मध्ये पाच यानं बांधण्याचं ८६० कोटींचं कंत्राट एचएएल आणि एल अँड टी यांच्या जोडीला मिळालं आहे. वालचंदनगरपासून विक्रोळीपर्यंत महाराष्ट्रातले कारखाने इस्रोसाठी भाग घडवतात. तिथल्या वेल्डरपासून गुणवत्ता तपासणाऱ्या अभियंत्यापर्यंत सगळ्यांना कारण कळणं हा कामाचाच भाग आहे.

अपयशाची कारणं छापल्याने मुलांचं मनोधैर्य खचतं, हा दुसरा आक्षेप तर अगदीच पोकळ. चंद्रावर उतरताना कोसळलेल्या चंद्रयान-२ च्या ‘विक्रम’ लँडरची पाच इंजिनं अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावत होती, चूक साठत गेली, यानाला पटकन वळायचं होतं पण आज्ञावलीने वळण्याचा वेग बांधून ठेवला होता, आणि उतरायची जागा होती अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी हे सगळं चंद्रयान-३ च्या उड्डाणाआधी जाहीरपणे सांगितलं. चार इंजिनं, जास्त इंधन, कित्येक पटींनी मोठी जागा, हे बदल त्यातूनच आले. चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं ती २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ ज्याने हे माहीत असताना पाहिली, त्याला आनंद कमी झाला असेल असं वाटत नाही.

वाचकांना रस नसतो, असं संपादक मंडळी खासगीत म्हणतात. विमान अपघातांच्या चौकशीच्या बातम्या लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. ६ मार्च २००९ रोजी बेंगळुरूजवळ बिडदीत एनएएल या सरकारी संस्थेचं ‘सारस’ विमान चाचणी उड्डाणात कोसळलं, हवाई दलाचे तिघे गेले. हवेत बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करण्याची आखलेली पद्धतच चुकीची होती, असं चौकशी अहवालात नोंदवलं गेलं आणि तो जाहीरही झाला. सरकारी यंत्रणेने सरकारी संस्थेविरुद्ध असं लिहिलं, म्हणजे ते जमतं.

तेव्हा सूचना साधी आहे. पुढच्या अंकापासून दोन पानं अशा अहवालांना द्या. सुरुवात एसएसएलव्हीपासून करा, आकृतीसकट, आणि ज्याने प्रवेगमापक हाताळला आहे अशा माणसाकडून लिहून घ्या. सी६१ चा अहवाल अजून पाहायला मिळाला नसेल, तर इस्रोला रीतसर पत्र पाठवून तो मागा आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं छापा. उत्तर आलंच नाही, तर पत्र पाठवल्याची तारीख छापा.

आपला,
एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू