सहा दिवसांचा पेच

उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस चोवीस तासांचे मानायचे, नाहीतर बायबल खोटे ठरवायचे, असा पेच मागील अंकातील पत्रात मांडला आहे. कॅथलिक चर्चपुढे तो पेचच नाही. त्या पुस्तकात निर्मितीच्या दोन कथा शेजारी शेजारी आहेत. पहिलीत वनस्पती, प्राणी आणि शेवटी स्त्री-पुरुष; दुसरीत आधी मातीचा पुरुष, मग बाग, प्राणी आणि अखेरीस स्त्री. संकलकांना हा फरक दिसला नसेल, असे मानणे कठीण आहे. तरी त्यांनी तो तसाच राहू दिला.

पहिल्या कथेत सूर्य उगवतो तोच चौथ्या दिवशी. मग आधीचे तीन दिवस मोजले कशाने? हा प्रश्न डार्विनच्या चौदाशे वर्षे आधी संत ऑगस्टीनला पडला होता आणि सारी सृष्टी एकाच वेळी निर्माण झाली, असे त्याचे मत होते. कथेचा रोखही वेगळाच आहे. बाबिलोनमध्ये देव म्हणून पुजले जाणारे सूर्य-चंद्र इथे नुसते दिवे आहेत, तेही निर्मिलेले.

पोप बाराव्या पायस यांनी 1943 मध्ये अभ्यासकांना प्राचीन साहित्यप्रकार ध्यानात घ्यायला सांगितले. 1950 च्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मुभा दिली, आत्मा मात्र थेट देवाने निर्मिलेला, ही अट राखून. म्हणजे सगळेच रूपक म्हणून सोडून देता येत नाही. पहिल्या पापाची कथा रूपकाच्या भाषेत असली, तरी मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेली घटना ती सांगते, असे चर्चची अधिकृत धर्मशिक्षा मानते.