व्हॉट्सॲपवर आलेला ‘नवा कायदा’ खरंच कायदा आहे का? विधेयक, जीआर आणि अधिसूचनेतला फरक समजून घ्या

‘सरकारचा नवा कायदा, आजपासून लागू’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असेल. पण ज्याला आपण सरसकट ‘कायदा’ म्हणतो, ते अनेकदा विधेयक, शासन निर्णय म्हणजे जीआर किंवा महापालिकेचा ठराव असतो. तुम्हाला दंड होऊ शकतो का, निर्णयाला विरोध कुठे करायचा, हे सगळं या फरकावर ठरतं.

जीआर म्हणजे कायदा का?

नाही. जीआर हा सरकारी विभागाचा प्रशासकीय आदेश असतो. त्यासाठी विधिमंडळाची मंजुरी लागत नाही.

हिंदी सक्तीचा वाद आठवा. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला सुधारित जीआर आला. विरोध वाढल्यावर २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर रद्द केले. या काळात सभागृहात मतदान झालं नाही, कारण त्याची गरजच नव्हती. जीआर जसा झटपट निघतो, तसाच तो झटपट मागेही घेता येतो.

विधेयक मंजूर झालं, म्हणजे कायदा झाला का?

लगेच नाही. दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर राज्यपालांची संमती लागते. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याची तरतूद केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर ती टिकण्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागते.

महिलांवरील अत्याचारांबाबतचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ‘शक्ती कायदा आला’ अशा बातम्याही झाल्या. पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा कधीच लागू झाला नाही.

मग दंड कशाच्या आधारे होतो?

बहुतेक वेळा मूळ कायदा जुना असतो आणि त्याखाली नवी अधिसूचना निघते. प्लास्टिकबंदीचंच बघा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती लागू झाली, पण अधिसूचनेला आधार २००६ च्या राज्य कायद्याचा आहे. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार आणि तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, ही शिक्षा त्या कायद्यातून येते.

म्हणून कुणी पावती फाडली, तर आधी विचारा: कोणता कायदा, कोणतं कलम?

महापालिकेचं काय?

मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, तर पुण्यासारख्या इतर महापालिका १९४९ च्या. नगरपरिषदांसाठी १९६५ चा वेगळा कायदा आहे. महापालिकेने ठराव केला म्हणून नवा दंड लागू होत नाही. उपविधी करावे लागतात आणि त्यांना राज्य सरकारची मंजुरी लागते.

त्याआधी मसुद्यावर ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. सामान्य माणसाला बोलायची खरी संधी इथेच असते, पण ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते आणि मुदत निघून जाते. मुंबईत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नसतं, तेव्हा या सूचनांवर लक्ष ठेवणं आणखी महत्त्वाचं ठरतं.

खरं-खोटं कसं तपासायचं?

• जीआर असेल तर: शेवटच्या परिच्छेदात लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. हा संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ विभागात टाकून बघा. तिथे सापडला नाही, तर फॉरवर्ड करू नका.

• कायदा किंवा अधिसूचना असेल तर: ‘महाराष्ट्र शासन राजपत्र’ शोधा. राज्याचे कायदे केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावरही मिळतात.

• लागू होण्याची तारीख बघा: कायदा मंजूर होण्याची आणि अमलात येण्याची तारीख वेगळी असू शकते. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

• कोर्टात काय झालं ते बघा: मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयात टिकला, पण ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण रद्द केलं. ‘अंतरिम स्थगिती’ आणि ‘अंतिम निकाल’ यांतही गल्लत करू नका. स्थगिती तात्पुरती असते.

थोडक्यात काय?

जीआर नको असेल तर दाद संबंधित विभागाकडे आणि मंत्र्यांकडे मागावी लागते, विधेयक असेल तर आमदाराकडे. उपविधीच्या मसुद्यावर मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. त्यामुळे पुढच्या वेळी ‘नवा कायदा आला’ असं वाचलंत, तर आधी तो कागद नेमका कोणता आहे ते बघा.