पेटी घरची, खेळ कुणाचे?



मे महिन्यात नातू आला तो एक खूळ डोक्यात घेऊनच. पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायची माणसाएवढी उंच यंत्रं असत. तसलंच एक, पण टेबलावर मावेल एवढं, घरी करायचं. आमचे हे निवृत्त, हात शिवशिवत होतेच. मी म्हटलं, करा. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा आजोबांबरोबर करवत धरलेली बरी.

लहान करायचं म्हणजे सगळं निम्मं, असं ह्यांना वाटलं होतं. पण लाकूड निम्मं झालं तरी माणसाचा पंजा निम्मा होत नाही! बटणं नेहमीच्याच मापाची घ्यावी लागतात, दांडा मुठीत बसावा लागतो, म्हणून पुढची फळी पेटीच्या मानाने मोठीच राहते. शिवाय आधी पडदा आणायचा आणि मग पेटीची रुंदी ठरवायची. ह्यांनी उलट केलं आणि बारा मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे वाया गेले. शेवटी ब्लाउज बेतावा तसा मी पुठ्ठ्यावर आकार कापून दिला. जुना सतरा इंची मॉनिटर उभा फिरवून बसवला, कारण पॅकमॅनचा पडदा मुळात उभाच होता. मागे हवेसाठी जाळी ठेवली.

आत रास्पबेरी पाय नावाचा, एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर घालायचा बेत होता. तो घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "ह्याच्यासोबत मेमरी कार्ड न्या, दहा हजार गेम भरलेत, सहाशे रुपये." मी बिल मागितलं. तो हसला.

मी कॉमर्सची. दहा हजार वस्तू सहाशे रुपयांत आणि बिल नाही, म्हणजे माल कुठून आला ते विचारायला नको. कार्ड घेतलं नाही. नातू दोन दिवस फुगला, आणि ह्यांनीही त्याचीच बाजू घेतली: "चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ, आता कुणी विकतही नाही. कुणाचं काय जातं?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ह्यातले बरेच खेळ खरोखरच आज कुठे विकत मिळत नाहीत. पण चाळीस वर्षांत कॉपीराइट संपत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपण अचौर्य अणुव्रत म्हणतो तेव्हा समोरच्याचं किती नुकसान झालं हे मोजत नाही. दिलेलं नाही ते घेतलं का, एवढंच बघतो. त्या व्रताच्या अतिचारांत तदाहृतादान आहे, म्हणजे चोराने आणलेला माल घेणं. पाठशाळेत मी हे पाठ केलं होतं तेव्हा डोळ्यांसमोर सोनं-चांदी यायची, मेमरी कार्ड नव्हे.

मग शोधलं. हे खेळ चालवणारा मेम नावाचा प्रोग्राम मुक्त आहे, तो वापरण्यात काही गैर नाही. भांडं आपलं, आत काय शिजवायचं ते आपण ठरवायचं. ग्रिडली, रॉबी रोटो असे मोजके जुने खेळ मालकांनी घरी खेळायला मोकळे करून दिलेत आणि ते मेमच्याच संकेतस्थळावर मिळतात. आणि पॅकमॅन तर त्याची कंपनी आजही विकते! २०२२ साली आलेल्या पॅकमॅन म्युझियम प्लस ह्या संचात १९८० चा मूळ खेळ आहे. तो रास्पबेरी पायवर चालत नाही, म्हणून पेटीत मुलाचा जुना लॅपटॉप बसवला.

पॅकमॅन करणाऱ्या तोरू इवातानींना पार्लरमध्ये बायकाही याव्यात असं वाटत होतं, म्हणून त्यांनी गोळीबार सोडून खाण्याचा विषय घेतला. मला तो चतकोर काढलेली भाकरीच वाटतो. रात्रीभोजन-त्यागाचा नेम मात्र त्याला नाही, अखंड खात सुटलेला!

पेटी हॉलमध्ये आहे, आत एकूण तीन खेळ. नातवाने परवा पुण्याहून फोन करून विचारलं, "आजी, माझा स्कोअर कुणी मोडला?" दुपारी भांडी आवरून झाल्यावर मी बसते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.