फ्रेट झिजले म्हणजे गिटार मेली नाही!

"अरे, सरळ नवीन घे ना. ईएमआयवर मिळते." हे वाक्य ज्याने जगात पहिल्यांदा उच्चारलं, त्याला झिजलेल्या गिटारवर महिनाभर एफ कॉर्ड वाजवायला लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉलेजात सेकंडहँड घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आठवतेय का? आता माळ्यावर, बॅगेत, धूळ खात पडलेली? ती तिथे का गेली? कारण पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर तारांनी खड्डे पाडले, तार ओढली की अडखळायला लागली, स्वर झणझणायला लागले. दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला, "ये तो खतम है, भाईसाब." मित्र म्हणाले, नवीन घे. घेतली. विषय संपला.

माझ्या गिटारबद्दलही दुकानदाराने हेच सांगितलं. ती आज उत्तम वाजते. म्हणून हा लेखप्रपंच.

मंडळी, फ्रेट हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे! बाइकचे ब्रेक-शू झिजले म्हणून कोणी बाइक भंगारात घालतं का? तार पोलादाची, फ्रेट त्याहून मऊ धातूचा. हजारो तास घासाघीस झाल्यावर काय होणार? सुरुवातीला फ्रेट घासून एका पातळीत आणता येतात. तसं दोन-तीनदा झालं, उंची उरली नाही, की फ्रेट बदलायचे. बस्स. लाकूड, पिकअप, वायरिंग सगळं ठणठणीत असताना 'खतम' कशाला म्हणायचं?

आणि हे आपल्याला कोणी परक्याने शिकवायची गरज नाही. ज्या मिरजेच्या सतारीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, तिथे जवारी काढणं हे रोजचं काम आहे. तारेखालची घोडी वाजवून वाजवून झिजते, कारागीर ती पुन्हा घासून बसवतो, सतार पुन्हा बोलायला लागते. जवारी गेली म्हणून सतार टाकून देणाऱ्याला तिथे वेड्यात काढतील. मग गिटारलाच वेगळा न्याय का?

"पण सूर बिघडला तर?" ही सगळ्यात मोठी भीती, आणि सगळ्यात बिनबुडाची. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे. गिटारचे फ्रेट लाकडातल्या खाचांमध्ये ठोकलेले. त्या खाचा कारखान्यात आधीच कापलेल्या आहेत. ६४८ मिलिमीटरच्या तारेत बारावा फ्रेट बरोबर ३२४ वर, बाकीचे १.०५९५ च्या गुणोत्तराने. हे गणित तुम्हाला करायचंच नाहीये. जुना फ्रेट काढून त्याच खाचेत नवा बसवायचाय.

आता वायर कुठली? इथे नेटवरचे 'टोन'वाले महाराज प्रवचनं सुरू करतात. अमुक धातूचा आवाज 'उबदार', तमुक धातूचा 'काचेसारखा'. फरक असेलही. पण पिकअपचा स्क्रू थोडा फिरवून त्याची उंची बदला, त्याहून मोठा फरक ऐकू येईल. खरे प्रश्न दोनच: धातू किती कठीण आणि फ्रेट किती उंच.

नेहमीची वायर म्हणजे निकेल सिल्व्हर. उगाच दबकू नका, हे आपल्या आजीच्या डब्यातलं जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल, चांदीचा कण नाही. दुसरी स्टेनलेस स्टील. ती वर्षानुवर्षं झिजत नाही, पण तोच कठीणपणा तुमच्या कानशी आणि कटर खाऊन टाकतो. वळवायला त्रास, घासायला दुप्पट वेळ. घरी पहिल्यांदा करताय ना? मग निकेल सिल्व्हरच घ्या. 'बेस्ट' वायर ती, जी तुमच्या हातातल्या हत्यारांना झेपते.

उंचीचं म्हणाल तर डनलॉपच्या नंबरांवरून अंदाज येतो. ६२३० म्हणजे जुन्या पद्धतीची बारीक, साधारण २ मिमी रुंद आणि १.१ उंच. ६१०५ म्हणजे २.३ रुंद, १.४ उंच. ६१०० तेवढीच उंच पण २.८ रुंद. उंच फ्रेटवर तार ओढणं सोपं जातं, कारण बोट लाकडावर घासत नाही. पण करकचून दाबायची सवय असेल तर स्वर चढतो. माझं मत ६१०५ ला. उंची जास्त असल्यामुळे पुढे घासायलाही शिल्लक राहते. फक्त वायरीखालची जीभ खाचेच्या रुंदीला जुळते का ते आधी मोजा. बावीस फ्रेटना दीड मीटर वायर पुरते, थोडी जास्त घ्या.

काम दोन वीकेंडचं. फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न टेकवून तो गरम करायचा, मग सपाट घासलेल्या तोंडाच्या पकडीने एका टोकापासून हळूहळू उचलायचा. उपटायचा नाही, लाकडाचे टवके निघतात. मान आतल्या रॉडने सरळ करून, पट्टीला तिच्याच गोलाईच्या ठोकळ्याने पॉलिश पेपर मारायचा. खाचा साफ करायच्या. नवी वायर पट्टीच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वळवायची, आधी दोन्ही टोकं ठोकायची आणि मग मधला भाग, म्हणजे टोकं उसळत नाहीत. टोकं कापताना गॉगल हवाच, तुकडे गोळीसारखे उडतात. मग फ्रेटच्या माथ्यावर मार्करने शाई लावून सपाट कानस फिरवायची. सगळीकडची शाई गेली की पातळी जुळली. मग माथे गोल करायचे आणि चकचकीत पॉलिश. फ्रेट आधीपेक्षा उंच झाले तर नटच्या खाचा खोल पडून मोकळ्या तारा झणझणतील, तेवढं तपासा.

पुण्यात बोहरी आळीत कानस, हातोडी, पक्कड सगळं मिळतं. फ्रेटला गोलाई देणारी कानस मात्र मागवावी लागते.

आता विरोधी पक्षाचा बिनतोड वाटणारा मुद्दा. "हत्यारं आणि दोन वीकेंड यांचा हिशेब केलास तर गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतील." होतील की! पण हत्यारं दुसऱ्या गिटारलाही चालतात. आणि रविवारी मॉलमध्ये चार तास घालवताना हा ताशी दराचा हिशेब कुठे जातो हो? (पन्नास-साठच्या दशकातली खरी फेंडर किंवा गिब्सन हाती असेल, तर मात्र कारागिराकडेच जा. मानेला कडेने बाइंडिंग असेल किंवा मेपलच्या पट्टीवर लॅकर असेल तरी पहिला प्रयोग तिच्यावर नको.)

ब्रायन मेने १९६३ साली वडिलांसोबत गिटार बनवायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. पुढे त्याच गिटारवर 'क्वीन' उभा राहिला. आपल्याला तर अख्खी गिटार तयार मिळालीये, फक्त बावीस पट्ट्या बदलायच्यात.

खरं दुखणं पैशाचं नाहीच. दिवसभर आपण दुसऱ्याच्या कोडमधले बग काढतो, दहा वर्षं जुनी सिस्टीम जिवंत ठेवण्याचा पगार घेतो. आणि घरची वस्तू बिघडली की लगेच 'रिप्लेस'! हात फक्त कीबोर्डपुरते उरलेत. आपण इंजिनिअर आहोत ना? फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा व्ही-जॉइंट घासला होता ना सगळ्यांनी? (सिनियरचा जुना जॉब घासून सबमिट करणाऱ्यांनी हात वर करू नयेत.) ती कानस पुन्हा हातात घ्यायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

तेव्हा ईएमआयचा फॉर्म बाजूला ठेवा आणि माळ्यावर चढा.