वाराचा बाजार, शहराच्या दारात

कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे खेड्यातील लहान मुलालाही पाठ असते. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांतून हा वार जवळजवळ हद्दपार झाला होता. त्याला शासनाचे भक्कम पाठबळ मिळाले ते 2016 मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य शासनाने अध्यादेशाद्वारे फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला; आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, हे वाचकांना स्मरत असेलच. ऑगस्टमध्ये मुंबईत खुद्द विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांची पाले उभी राहिली. कृषी पणन मंडळाच्या या बाजारांना अरणच्या संत सावता माळी यांचे नाव मिळाले. कल्पना मात्र जुनीच. पंजाबात 1987 मध्ये ‘अपनी मंडी’, तर आंध्रात 1999 मध्ये ‘रयतू बाजार’ सुरू झाले होते.

या बाजाराचे खरे मर्म वहीत उतरवल्यावरच कळते. समजा, एका शेतकऱ्याची 200 किलो भेंडी आहे. घाऊक बाजारात किलोस 20 रुपये मिळाले, तर 4,000 रुपये होतात. शहरातील आठवडे बाजारात त्याने 45 रुपये दराने 150 किलो विकली आणि उरलेली 50 किलो संध्याकाळी 10 रुपयांनी काढून टाकली, तर 7,250 रुपये हाती येतात. फरक 3,250 रुपयांचा. परंतु त्यातून टेम्पोचे जादा भाडे, दोन माणसांचा पूर्ण दिवस आणि पिशव्या यांचा खर्च वजा करावा लागतो. पाऊस आला आणि गिऱ्हाईक फिरकले नाही, तर वही उलटी बोलू लागते.

म्हणूनच आडत्याला सरसकट खलनायक ठरवणे न्यायाचे नाही. तो सगळा माल एकदम उतरवून घेतो, अडीनडीला उचल देतो, किरकोळ विक्रेत्यांची उधारी सांभाळतो. ही जोखीम विनामूल्य नसते. आठवडे बाजारात तीच जोखीम शेतकरी स्वतःच्या शिरावर घेतो आणि तिचा मोबदला मागतो. चांगल्या दराकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. स्वतःच्या गल्ल्यावर ‘एकच भाव’ची पाटी लावणारी मंडळी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करतात, याचे नवल वाटते.

अर्थात पालाखाली बसलेला प्रत्येक जण शेतकरी असतोच असे नाही. ज्याच्यापुढे दोन-तीनच पिके आहेत, ज्याच्या गवारीत लहानमोठ्या शेंगा एकत्र आहेत, त्याच्याशी बोलावे. लागवड केव्हाची, तोडा कधी केला, हे तो न अडखळता सांगतो. बारमाही सफरचंदांपासून कोथिंबिरीपर्यंत सर्व काही मांडणारा बहुधा घाऊक बाजारातून माल उचलून आलेला असतो. त्यात गैर काही नाही, परंतु त्याने शेतकऱ्याची जागा अडवू नये.

बाजार उठण्यापूर्वीच्या तासात भाव पडतात, हे चाणाक्ष गृहिणींनी केव्हाच हेरले आहे. शेतकऱ्याचा त्या दिवसाचा हिशोबही त्याच तासात ठरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा इथे यावे, की माल सरळ वाशीला पाठवावा, याचा निर्णय तो रिकामे क्रेट टेम्पोत चढवतानाच घेत असतो.