शाळांचा खर्च उचलायचा कुणी? वसई-विरारचा जुना तिढा

वसई : ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. घरपट्टी, दिवाबत्ती, कचरा पालिकेकडे गेला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा मात्र तिथेच राहिल्या. आधी ठाणे, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा परिषदेकडे. हस्तांतराचं घोंगडं पुढे वर्षानुवर्षं भिजत राहिलं.

कायद्याने प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. मग अडतं कुठे? पैशात. जिल्हा परिषद शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. शाळा पालिकेकडे आल्या की पगाराचा काही वाटा पालिकेच्या तिजोरीवर येतो. शिवाय जुन्या इमारतींची दुरुस्ती आहेच.

घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर असतो, मग तो जातो कुठे, असं लोक विचारतात. १९६२ च्या कायद्यानुसार तो राज्याचा कर. पालिका वसूल करते आणि सरकारकडे भरते.

खरी गोम मतांत आहे. पालिका हद्दीतला मतदार जिल्हा परिषदेला मतदान करत नाही. त्यामुळे गळक्या वर्गासाठी सभागृहात भांडणारा सदस्यच नाही. नगरसेवकाला विचारलं, तर शाळा आपल्या नाहीत म्हणायला तो मोकळा.

म्हणून नुसत्या हस्तांतराने भागणार नाही. पगाराचा वाटा किती, दुरुस्तीचा निधी कुणाचा, हे आधी आकड्यांत लिहिलं पाहिजे. नाहीतर पाटी बदलेल, छप्पर तसंच गळेल.